तिथीवर भरणारी लाटांची शाळा

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमल ही गावे एकाच किनाऱ्यावर ओळीने वसलेली आहेत. दक्षिणेस शापोरा नदीचे मुख आणि उत्तरेस हरमलची खडकाळ टेकडी यांच्या दरम्यान, मधूनच येणारे खडक आणि ओहोळ सोडल्यास, वाळूची लांबलचक पट्टी पसरलेली आहे. पावसाळ्यात येथील समुद्राचे रूप उग्र असते. आश्विन सरत आला की पाणी निवळू लागते, लाटांची उंची उतरते आणि सकाळच्या वेळी या वाळूवर एक निराळीच शाळा भरते. विद्यार्थी वाळूत मांडलेल्या लांब फळ्यांवर पालथे पडतात, दोन्ही तळहात टेकून एका झटक्यात उभे राहतात, पुन्हा पालथे पडतात. अर्धा-पाऊण तास ही कवायत झाल्यानंतरच त्यांना कमरेइतक्या पाण्यात नेले जाते. ही शाळा सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे सरकत येण्याच्या खेळाची आहे.

या शाळेत नाव घालणाऱ्या नवख्या माणसास पहिले नवल वाटते ते तिच्या वेळेचे. आज साडेसातला बोलावले, तर उद्या सव्वाआठला. पुढच्या आठवड्यात कदाचित सकाळी वर्गच नाही. शिक्षकांच्या लहरीचा येथे प्रश्न नसतो. वर्ग कोणत्या वेळी घ्यावयाचा हे भरती-ओहोटी ठरविते आणि भरती-ओहोटी चंद्र ठरवितो. कोकणातील कोणत्याही तांडेलास ही गोष्ट सांगण्याची गरज नाही. मात्र घाटावरून सहलीसाठी येणाऱ्या शिक्षकास, आणि किनाऱ्यावरील गावाचा कारभार पाहणाऱ्या पंचायत सदस्यासही, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कारण ज्या ज्ञानावर हा खेळ चालतो त्याच ज्ञानाच्या अभावी आपल्या किनाऱ्यांवर माणसे बुडतात.

खेळाची थोडी ओळख

सर्फिंगचे माहेर पॅसिफिक महासागरातील बेटांवर, विशेषतः हवाई बेटांवर, आहे. तेथे हा केवळ करमणुकीचा प्रकार नव्हता. राजघराण्यापासून सामान्य कोळ्यांपर्यंत सर्वांच्या जीवनात त्यास स्थान होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची कीर्ती दूरवर नेली ती ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले आणि १९१४ च्या अखेरीस सिडनीजवळच्या किनाऱ्यावर लाटेवरील स्वारीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, या खेळाचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धा जपानमधील त्सुरिगासाकी या वाळूच्या किनाऱ्यावरच झाल्या.

आपल्या देशात हा खेळ गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुजला. कर्नाटकातील मुळकी, केरळमधील कोवळम, तामिळनाडूतील कोवलम व महाबलीपुरम ही त्याची प्रमुख केंद्रे होत. भारतीय सर्फिंग महासंघाची स्थापना २०११ साली झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली, त्या वेळी रमेश बुदिहाळ या भारतीय खेळाडूने पुरुषांच्या खुल्या गटात कांस्यपदक पटकाविले. पूर्व किनाऱ्यावरील अनेक चांगले खेळाडू मच्छीमार घरांतून आलेले आहेत, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयास हवी. ज्यांच्या वाडवडिलांनी ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवरून फुटत्या लाटा रोज ओलांडल्या, त्यांच्या मुलांना फळीवर तोल सांभाळणे फारसे परके वाटले नसावे.

पेडण्याचा किनारा मात्र अजिंक्यवीरांचा नव्हे. येथील लाट लहान, संथ आणि सौम्य. निष्णात खेळाडूस ती कंटाळवाणी वाटेल, परंतु शिकाऊ माणसास नेमकी अशीच लाट हवी असते.

लाट फुटते कशी

खोल समुद्रातून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा तळ जमिनीस अडतो, वेग मंदावतो आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की तिचा माथा तोल सोडतो व लाट फुटते. अर्धा-पाऊण मीटर उंचीची लाट साधारणपणे एक मीटरहून कमी पाण्यात, म्हणजे प्रौढ माणसाच्या कमरेइतक्या पाण्यात फुटेल, हे यावरून ध्यानात येते.

लाट कशी फुटेल हे मुख्यतः तळाच्या उतारावर अवलंबून असते. दर पन्नास मीटरांस एक मीटर अशा मंद उताराच्या किनाऱ्यावर ६० सेंटिमीटरची लाट पाण्याच्या कडेपासून सुमारे ४० मीटर आत फुटते. तिचा माथा हळूहळू ओघळतो, फेसाचा पांढरा पट्टा तयार होतो आणि तो पट्टा आपली शक्ती थोडी थोडी गमावीत किनाऱ्यास लागतो. एवढ्या अंतरात शिकाऊ माणसास उठण्यास, उभे राहण्यास आणि पडण्यासही पुरेसा अवकाश मिळतो. पडला तरी पाय टेकतात. हाच उतार दर दहा मीटरांस एक मीटर असेल, तर तीच लाट कडेपासून जेमतेम आठ मीटरांवर येऊन एकदम कोसळते. तिची सारी शक्ती एका क्षणात आणि एका जागी ओतली जाते. अशी लाट दिसावयास लहान असली तरी माणसास वाळूवर आपटते. मान आणि खांदे यांच्या दुखापती अशाच लाटांत होतात.

तेव्हा ओघळती लाट शिकण्यास योग्य आणि कोसळती लाट अयोग्य, एवढे सूत्र ध्यानात ठेवावे. मात्र अमुक किनाऱ्यावरची लाट ओघळती आणि तमुक किनाऱ्यावरची कोसळती अशी कायमची वाटणी करता येत नाही. बहुतेक वालुकामय किनाऱ्यांचा उतार सर्वत्र सारखा नसतो. वरचा भाग, जेथे वाळू कोरडी व भुसभुशीत असते, तो चढणीचा. त्याखाली ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा सपाट, घट्ट वाळूचा पट्टा. आणि त्याच्याही पुढे, पुष्कळ ठिकाणी, पाण्याखालचा वाळूचा बांध आणि बांधाच्या अलीकडे खळगा. पाणी यांपैकी ज्या भागावर असेल त्या भागाच्या उताराप्रमाणे लाट फुटणार. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी, सकाळी आणि दुपारी दोन वेगवेगळे समुद्र असतात असे म्हणावयास हरकत नाही.

ऐन भरतीत पाणी वरच्या चढणीस लागते. लाटा अगदी कडेला येऊन आदळतात, फळीचे टोक वाळूत रुतते, उभे राहण्यास जागाच उरत नाही. ऐन ओहोटीत पाणी दूर जाते, लाटा बाहेरच्या बांधावर अचानक फुटू लागतात आणि बांधातील मोकळ्या जागांतून पाण्याचे परतीचे प्रवाह जोर धरतात. या दोहोंच्या मध्ये, पाणी सपाट पट्ट्यावर खेळत असते तेव्हा, लाट लांबवर ओघळत येते. शिकण्याची वेळ ती. त्यातही ओहोटी उलटून भरती लागली असताना, अर्ध्या भरतीच्या आगेमागे, दोन-अडीच तासांचा अवधी बहुतेक शिक्षक पसंत करतात. प्रत्येक किनाऱ्याची ठेवण निराळी असल्यामुळे हा अवधी थोडा अलीकडे-पलीकडे होतो. पावसाळ्यात वाळूचे बांध मोडतात व नवे बनतात, म्हणून गेल्या वर्षीचा अनुभव या वर्षी पुन्हा पडताळून पाहावा लागतो.

पाण्याची चाल

चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरतीही दररोज तितकीच पुढे सरकते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. दोहोंच्या मध्ये ओहोटी. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास, विशेषतः त्यांच्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत काम करते. पाणी खूप चढते व खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो. त्यास किनाऱ्यावरचे लोक भांगाचे पाणी म्हणतात.

हा चढउतार सर्व किनाऱ्यांवर सारखा नसतो. कोचीनला तो एक मीटरहूनही कमी असतो. उत्तरेकडे येत जावे तसा तो वाढतो. गोव्यात मार्मागोवा येथे उधाणाच्या दिवसांत दोन मीटरांच्या आसपास, मुंबईस साडेतीन ते साडेचार मीटर, आणि खंभातच्या आखातात भावनगरपाशी दहा मीटरांच्याही वर. मुंबई-गुजरातकडे समुद्रतळाची उथळ कड रुंद होत जाते आणि आखात नरसाळ्यासारखे निमुळते होते, म्हणून पाणी असे फुगते. पाणी किती चढते हे मोजण्याची आपली परंपराही जुनी आहे. मुंबईच्या अपोलो बंदरातील पाणीपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

उंचीतील हा फरक किनाऱ्यावर किती अंतराचा होतो, हे विद्यार्थ्यांकडून गणित करवून घेण्यासारखे आहे. उतार पन्नासास एक धरला, तर दोन मीटर पाणी चढताना कड १०० मीटर आत सरकते. चार मीटर चढताना २०० मीटर. शिवाय पाणी सर्व काळ एकाच वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांचे सहा भाग केले, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन हिस्से, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा, असा खलाशांचा ठोकताळा आहे. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी चढते. रायगड जिल्ह्यातील एखाद्या सपाट किनाऱ्यावर चार मीटरच्या उधाणात तिसऱ्या तासात एक मीटर पाणी चढेल आणि कड ५० मीटर आत येईल. पहिल्या तासात पाण्याकडे पाहून ज्याने निश्चिंत मनाने दूरवर पावले टाकली, त्याची फसगत होते ती येथे. पाणी समोरूनच येते असेही नाही. वाळूच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागचा खळगा आधी भरतो आणि परतीची वाट त्याच्या ध्यानात येण्यापूर्वीच खोल झालेली असते.

पाऊणपटीचा हिशेब

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीस पाच पाऊणे पावणेचार, म्हणून पावणेचार वाजता भरती. त्याआधी सुमारे सहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती. पौर्णिमेस व अमावास्येस, पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दिनदर्शिका प्रत्येक घरात भिंतीवर असतेच, त्यामुळे या रीतीस वेगळे साधन लागत नाही. गणिताच्या शिक्षकांनी पावकी-निमकीबरोबर पाऊणकीही आता बहुधा बासनात गुंडाळून ठेवली आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनी तरी ती सोडू नये.

ही रीत ठोकळमानाची आहे, हे मात्र विसरता कामा नये. तीत अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज पडते. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येत असल्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या काहीशी आधी येते. खाडीच्या आत शिरावे तशी ती उशिरा पोचते. नेमकी वेळ आणि उंची हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो ती भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. लाटा किती उंच असतील याचा अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून प्रसृत होतो. हे दोन अंदाज वेगवेगळे आहेत. भरतीच्या कोष्टकात लाटेची उंची नसते, ही बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता सर्फिंगच्या वर्गाची अडचण पाहावी. सकाळची वेळ वाऱ्याच्या दृष्टीने उत्तम. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागलेला मतलई वारा सकाळपर्यंत टिकतो व लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटला की पाणी विसकटते. शिकाऊ माणसास गुळगुळीत लाटही हवी आणि चढते अर्धे पाणीही हवे. पाऊणपटीने हिशेब केला, तर हे दोन्ही सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान जुळून येतात ते त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतच्या दिवसांत, म्हणजे ऐन उधाणाच्या सुमारास. त्या दिवसांत पाणी झपाट्याने चढत असल्याने वर्गाचा अवधी आखूड होतो. उलट पंचमीस सकाळी साडेनऊला ओहोटी, आणि चांगले पाणी येईपर्यंत दुपारचा वारा सुटलेला. अष्टमी-नवमीस सकाळी पाणी उतरत असते. परंतु भांगाचा चढउतारच थोडा असल्याने तास-दोन तासांत फारसा फरक पडत नाही आणि गोव्यासारख्या ठिकाणी निवांतपणे वर्ग घेता येतो. एकूण काय, पंधरवड्यातील प्रत्येक दिवसाचा विचार निराळा. जो शिक्षक वर्षभर सकाळी आठचाच वर्ग घेतो त्याच्याकडे मुलास पाठविण्यापूर्वी पालकांनी दोनदा विचार करावा.

ऋतूचीही मर्यादा आहे. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटण्याची प्रथा असली, तरी त्या वेळी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर पुरता ओसरलेला नसतो. होडी हाकणाऱ्या अनुभवी कोळ्याचा तो मुहूर्त आहे, शिकाऊ पोहणाऱ्याचा नव्हे. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांनी पाण्यात उतरूच नये. ऑक्टोबर ते मे हा हंगाम मानला जातो. त्यातही उन्हाळा वाढू लागला की दुपारचे वारे जोर करतात.

शांत दिसणारी जागा

किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेले पाणी कोठून तरी परत गेलेच पाहिजे. वाळूच्या बांधात जेथे खिंडार असेल तेथे ते एकत्र होते आणि अरुंद प्रवाहाच्या रूपाने समुद्राकडे वाहते. अशा प्रवाहाचा वेग दर सेकंदास अर्धा ते एक मीटर, आणि कधी त्याहूनही जास्त असतो. पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध फार काळ टिकत नाही. पाणी उतरलेले असताना तो अधिक प्रबळ होतो.

याची ओळख मोठी फसवी आहे. खिंडारात पाणी खोल असल्याने तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंस पांढरा फेस आणि मध्ये गर्द, संथ पाण्याचा पट्टा दिसतो. पोहता न येणारा माणूस, लाटा नाहीत म्हणून, नेमका याच पट्ट्यात उतरतो. फेस किंवा तरंगती काडी समुद्राच्या दिशेने जाताना दिसली, की ती जागा वर्ज्य समजावी. सर्फिंगच्या वर्गात पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना वाळूवर दहा मिनिटे नुसते उभे करून हे पट्टे शोधावयास लावतात. फळीला हात लावण्यापूर्वी हा धडा होतो, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे.

प्रवाहात सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. तरंगत राहावे, एक हात उंच करून मदत मागावी, आणि पोहता येत असल्यास किनाऱ्यास समांतर दिशेने, फेस दिसतो त्या बाजूस जावे. फळी असेल तर ती सोडू नये. पायास दोरीने बांधलेली फोमची आठ-नऊ फुटी फळी हा उत्तम तराफाच असतो. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी रिकाम्या हाताने उडी घेणे हा आपल्याकडील धाडसाचा नेहमीचा प्रकार, आणि एकाच्या जागी चौघे बुडण्याचे नेहमीचे कारणही. तरंगणारी वस्तू, मग तो झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा का असेना, आधी फेकावी.

खाडीचे मुख हा याहून वेगळा धोका. ओहोटी लागली की खाडीतील सारे पाणी चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडते. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा कितीही मोहक दिसला, तरी उतरत्या पाण्यात तेथे पोहणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. कोकणातील किनाऱ्यांच्या एका ना एका टोकास खाडी असतेच. तेव्हा हा इशारा सर्वांनाच लागू आहे.

सहली, फलक आणि गावचा कारभार

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणनजीक वायरी येथे बेळगावच्या ८ विद्यार्थ्यांचा तसाच अंत झाला. दोन्ही वेळी महिना पावसाळ्याचा नव्हता. मुरुडची वाळू तर सपाट आणि विस्तीर्ण म्हणून नावाजलेली. शांत किनारा हा शब्दप्रयोग पर्यटनाच्या पुस्तिकांत ठीक आहे. सहलीची परवानगी देणाऱ्या मुख्याध्यापकाने त्यावर विसंबू नये. बसची वेळ, जेवणाची वेळ, मुक्कामाची वेळ सहलीच्या पत्रकात छापलेली असते. त्या दिवशीची भरती किती वाजता, हे त्यात क्वचितच आढळते. किनाऱ्यावर पोचण्याची वेळ त्यावरून ठरवावयास खर्च काहीच येत नाही.

गोवा शासनाने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था केली. लाल-पिवळ्या निशाणांच्या दरम्यानच पोहावे आणि लाल निशाण असेल तेथे उतरू नये, हा संकेत तेथे रूढ आहे. सर्फिंगच्या फळ्या आणि पोहणारे एकाच ठिकाणी असणे दोघांसही घातक. सुटलेल्या फळीचा कोपरा डोक्यास लागला तर टाके पडतात. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार फळ्यांची जागा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या निशाणांनी निराळी दाखवितात. हे पट्टे रोज सकाळी पाणी पाहून आखावयाचे असतात. सिमेंटच्या खांबांवर एकदाच रंगवून ठेवलेली सीमा भरती-ओहोटीपुढे निरुपयोगी ठरते.

पंचायतीपुढे आणखीही काही प्रश्न येतात. मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात, आणि त्यांचा हंगाम सर्फिंगच्या हंगामाशी जुळतो. घरटी वरच्या कोरड्या वाळूत असतात. ऐन भरतीत वर्ग चालविला, तर माणसे आणि फळ्या नेमक्या त्याच वाळूवर येतात. अर्ध्या पाण्याच्या वेळी मात्र सारी वर्दळ खालच्या घट्ट पट्ट्यावर राहते. रात्रीचे दिवे हा वेगळा विषय. सिंधुदुर्गात रापण ओढणाऱ्यांचा हक्क आहे. मंद उताराची, खडक नसलेली जी जागा शिकाऊ सर्फरला सोयीची, तीच रापणीला सोयीची. जाळे पाण्यात असताना दोर ओढणाऱ्यांच्या वाटेत फळ्या येणार असतील, तर तंटा अटळ आहे. असे वर्ग सुरू करण्यास परवानगी मागणाऱ्यास पंचायतीने आधी रापण संघाकडे पाठवावे. तेथे त्यास वाळूचा बांध यंदा कोठे सरकला आहे, ही माहितीही मिळेल. ती कोणत्याही कोष्टकात नसते.

तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पाण्याखालील डुबकी व जलक्रीडा प्रशिक्षणाचे केंद्र आहे. स्थानिक तरुणांना असे प्रशिक्षण घेता येते, ही जमेची बाजू. मात्र सर्फिंगच्या शिक्षकास केवळ फळी चालविता येऊन भागत नाही. जीवरक्षणाचे प्रशिक्षण, कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्याची रीत, एका शिक्षकामागे मोजकेच विद्यार्थी आणि सर्वांना हाक ऐकू जाईल एवढेच अंतर, या अटी परवान्यातच लिहिलेल्या असाव्यात. पोहता न येणाऱ्यासही कमरेइतक्या पाण्यात शिकविता येते असे काही जण सांगतात. पाणी तासाभरात कमरेवरून छातीपर्यंत चढते, हे ज्यास ठाऊक आहे त्याने तरी हे म्हणू नये.

पेडण्याच्या किनाऱ्यावर वर्गाची समाप्ती घड्याळ पाहून होत नाही. शिक्षक आरंभी ओल्या वाळूच्या कडेशी एक काठी रोवून ठेवतो. पाणी काठीच्या मागे जाऊन वरच्या चढणीस भिडू लागले, लाटा ओघळावयाच्या थांबून कडेला आपटू लागल्या, की तो शीळ घालतो. तेव्हा कितीही चांगली लाट समोर असली तरी फळ्या काखेत मारून सर्वांनी कोरड्या वाळूवर यावयाचे असते. पुढचा वर्ग उद्या, पाऊण तास उशिरा.